तिचा भाग मी कापला

बायको जाऊन आठ महिने झाले. माणूस गेल्यावर लोक गोडगोड लिहितात, मला ते जमत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर तिथनं पुढं ठेवून घेईना म्हणून. लिहायचं ते एवढंच आहे. माझी बायको मुक्या सिनेमात कामं करायची. चांगली करायची. तिला त्यातनं कंपनीनं काढलं नाही, लोकांनी काढलं नाही. मी काढलं, कात्रीनं. आणि ती मरेपर्यंत समजत राहिली की आपल्याला काम येत नव्हतं म्हणून आपल्याला कापलं.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तिनं चाळीस वर्षं माझं नाव घेतलं नाही, लग्नातला एक उखाणा सोडला तर. मीही घेत नाही. फिट्टंफाट.

तिचं आजोळ घोडेगावचं. बाप लवकर मेला तशी आई तिला घेऊन पुण्याला गेली आणि एका सिनेमा कंपनीत कपडे धुवायला, शिवायला राहिली. तेव्हा बायकांची सोंगं गडीच काढायचे. घरंदाज बाई काय, नाचणारीसुद्धा कॅमेऱ्यापुढं यायला लाजायची. कंपनीत बाईचं काम करणारा जो गडी होता त्याची एक दिवस मालकाशी वाजली आणि तो अंगावरचं लुगडं फेडून तिथंच टाकून चालता झाला. ऊन तर निघून चाललेलं. तेव्हाची फिल्म उन्हातच काढायची, दिव्यावर नाही. मालकानं इकडंतिकडं बघितलं आणि लुगडं गोळा करायला आलेल्या पोरीलाच म्हणाला, "नेसून ये." अशी ती सिनेमात आली. सोळा-सतरा वर्षांची असेल.

ती सांगायची, तोंडाला पिवळट भुकटी फासायचे, कारण लाल रंग फिल्मवर काळा यायचा. चांदीचा कागद चिकटवलेल्या मोठ्या फळ्या धरून ऊन तोंडावर मारायचे. डोळ्याला नुसत्या धारा लागायच्या. "लोक म्हनायचे काय रडती, काय रडती. रडतंय कोन? ऊन लागायचं." असं ती हसून सांगायची. चार सिनेमे झाले. तीनांमध्ये दासी, मैत्रीण असलं काहीतरी, आणि चौथ्यात सरदाराची बायको. तो सगळा सिनेमा तिचाच.

मग बोलपट निघाले. कंपनीनं मुक्यांचं काम थांबवलं, नवीन यंत्रं येईपर्यंत सगळ्यांना घरी बसा म्हणाले. त्याच साली तिची आई गेली. ती मामाकडं घोडेगावला आली.

मी तेव्हा एका तंबू सिनेमात हँडल मारायचो. बाजार, जत्रा, उरूस, जिथं माणूस जमेल तिथं आमचा तंबू. मशीनला एक दांडा, तो हातानं फिरवायचा, फिल्म सरकायची. पडद्याशेजारी एक सांगणारा काठी घेऊन उभा राहायचा आणि चित्रातलं माणूस काय बोलतंय ते मोठ्यानं सांगायचा. एक तबला, एक पेटी. पडद्याच्या पुढं गडी बसायचे, मागं बाया. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र मागनंही दिसतं. फक्त उलटं. उजवा हात डावा.

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात खेळ लावला होता. गर्दी झाली की आमचा मालक खूण करायचा, आणि मी दांडा जोरात फिरवायचो. म्हणजे खेळ लवकर संपतो आणि अजून एक खेळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई तंबूपाशी आली. अंगानं बारीक, पदर डोक्यावरनं घेतलेला.

"दांडा कोन फिरवतं?"

"मी. का?"

"हळू फिरवा. मी मेले तवा एवढ्या घाईनं मेले न्हवते."

तीन वर्षं रोज हे तोंड मी भिंगातनं सोडत होतो आणि ओळखलं नाही. मालक मागं चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

तीन महिन्यांत लग्न झालं. माझ्या घरचं कोणी आलं नाही. आमची शेती वीस बिघे, कोरडी, पण ताठा शंभर बिघ्यांचा. नाटकी बाई घरात नको म्हणाले. मालकानंच लग्न लावलं, शेवगावला, तंबूतच, सकाळच्या पारी. अंतरपाट म्हणून जुन्या पडद्याचा तुकडा धरला. भटजी म्हणाला, "याला भोकं आहेत." मालक म्हणाला, "मग नवरा-नवरीला बरंच की."

ती माझ्याबरोबर तंबूत फिरायला लागली. बायांमध्ये पडद्यामागं बसायची, स्वतःला उलटी बघायची. तिचा तो सरदाराचा सिनेमा लागला की तंबू भरायचाच. मालकाकडं तीनच सिनेमे होते, त्यातला पोट भरणारा हाच. गडी शिट्ट्या मारायचे, पडद्यावर दिडक्या फेकायचे. लग्नाआधी त्या शिट्ट्या मला गोड लागायच्या, खोटं कशाला बोलू. एकदोनदा मी स्वतःही मारल्या आहेत, दांडा फिरवता फिरवता.

लग्नानंतर त्याच शिट्ट्या कानात सळईसारख्या जायला लागल्या.

पुढच्या साली परत घोडेगावचा बाजार. माझा थोरला भाऊ बैलजोडी विकायला आला होता. गावातली चार माणसं बरोबर. भावाला माहीत नव्हतं कुठला खेळ आहे, ते त्याला हौसेनं ओढून घेऊन आले. ती पडद्यावर आली आणि शिट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यातला एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, बैल बरा. दोन दिवस दावनीला उभा ऱ्हातो, इकून जातो. तुमच्या भावानं ही रोज बांधलीय, रोज दावतोय."

सगळे हसले. भाऊ उठून बाहेर गेला. सकाळी तंबूपाशी येऊन एवढंच म्हणाला, "घराकडं येऊ नगंस." बैल तसेच परत घेऊन गेला, विकलेसुद्धा नाहीत.

त्या दुपारी ती नदीवर धुणं धुवायला गेली असताना मी डबा उघडला. फिल्म तुटली की जोडायचं काम माझंच होतं. पात्यानं कड खरवडायची, औषध लावायचं, दाबून धरायचं. त्या औषधाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. ती पहिल्यांदा येते, दारातनं घोड्यापर्यंत चालते, तेवढी फिल्म मी कापली आणि दोन्ही टोकं जोडली. हात माझा चांगला होता. पडद्यावर जोड कळायचा नाही. कापलेली पट्टी चुलीत टाकली. जुनी फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते. भसकन जाळ झाला आणि संपलं.

सिनेमाच लावू नका, असं मालकाला म्हणता आलं असतं. तो म्हणाला असता, मग तू दुसरीकडं जा. आणि मला दांडा फिरवण्यापलीकडं काही येत नव्हतं. म्हणून थोडं थोडं कापलं, मालकाच्या ध्यानात येऊ नये असं. एका मुक्कामाला एक तुकडा. जिथं शिट्टी जास्त, तो तुकडा आधी.

तिच्या ध्यानात चौथ्या-पाचव्या मुक्कामाला आलं. भाकरी थापत होती.

"अहो, काल घोड्यापाशी मी न्हवतेच. इहिरीवरची पन न्हवते."

"व्हय."

"फिलीम तुटली का?"

व्हय म्हणालो असतो तर भागलं असतं. पण तुटली म्हटलं तर पुढचे तुकडे कशाकशावर घालणार? तोंडात आलं ते बोललो. "मालकाला कंपनीचा कागद आलाय. तुजं काम बारीक करा म्हनत्यात."

"का?"

"जमल्यालं न्हाई म्हनं. लोकास्नी आवडत न्हाई."

तिचा हात भाकरीवर थांबला. "शिट्ट्या मारत्यात की लोक."

"शिट्ट्या बाईला मारत्यात. कामाला न्हाई."

हे वाक्य मी कुठनं आणलं मला आजही माहीत नाही. जुळवायला एक क्षणसुद्धा लागला नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मग आदी घेतलं कशाला?" एवढंच म्हणाली. कागद दाखवा म्हणाली नाही. मालकाला विचारायला गेली नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता, हे लिहायला मला लाज वाटते.

त्या दिवसापासनं ती पडद्यामागं बसायची बंद झाली.

एक तुकडा मी शेवटपर्यंत ठेवला होता. त्याच्यावर शिट्टी येत नव्हती, म्हणून. सरदार किल्ल्यात कैदेत आहे आणि ही रोज भाकरी घेऊन दरवाज्यापाशी येते. पहारेकरी हाकलून देतो. त्या दिवशी ती पायरीवर बसते, फडकं सोडते, भाकरी हातात घेते, आणि सगळ्यांना वाटतं आता ही रडणार. ती रडत नाही. भाकरी मोडून स्वतःच खायला लागते. चावता चावता पहारेकऱ्याकडं बघते. तो मान खाली घालतो. बस. एवढंच. तिनं मला सांगितलं होतं, कंपनीचा मालक कॅमेऱ्यामागनं रड रड म्हणून ओरडत होता, पण सकाळपासनं पोटात काही नव्हतं आणि भाकरी खरी होती. त्या जागी तंबूत कुणी हूं की चूं करायचं नाही. सांगणारा काठी खाली ठेवायचा, कारण सांगायला काही नसायचंच. तबलजीचा हात थांबायचा. मी दांडा आपोआप हळू करायचो, मालकानं खूण केली तरी.

तोही कापला. आता बाकीचं सगळं गेलं, एकटी भाकरीच कशाला ठेवायची, म्हणून. खरं कारण असं की त्या जागी लोक गप्प व्हायचे ते मला शिट्ट्यांपेक्षा जास्त टोचायला लागलं होतं. शिट्टी मारणाऱ्याला शिवी देता येते. गप्प बसलेल्याचं काय करायचं?

सिनेमा पडला. तिच्याशिवाय गोष्टच कळेना. मालक म्हणाला, लोकांना आता बोलपट पाहिजे. त्याला खरं तेच वाटलं. त्यानं त्याचे डबे घरी माळ्यावर टाकून दिले.

त्याच दिवाळीच्या सुमाराला तिच्या नावानं पुण्याच्या कंपनीचं कार्ड आलं. बोलपट काढतोय, आवाज बघायचा आहे, ये. तिनं ते दोनदा उलटंसुलटं केलं.

"काम जमत न्हाई म्हनत्यात, अन् आवाज बगत्यात. पुना हसं कशाला करून घ्यायचं?" मग माझ्याकडं बघितलं. "तुमास्नी काय वाटतंय?"

मी म्हणालो, "तुजी मर्जी."

ती गेली नाही. मला बरं वाटलं.

पुढं तंबू मोडला. भाऊ वारल्यावर वाटणीची जमीन माझ्याकडं आली आणि आम्ही गावी आलो. तिनं बाजरी खुरपली, शेणी थापल्या, एक पोरगा वाढवला. गावात कुणी विषय काढला तर सांगायची, "व्हते शिनेमात. पन जमलं न्हाई." जशी एखादी सांगते, गाय ठेवली होती पण दूध देईना. मी तिथंच दोर वळत बसलेलो असायचो.

तीन वर्षांपूर्वी पुण्याचा एक माणूस आमच्या दारात आला. चष्मा, खांद्याला पिशवी. जुने सिनेमे गोळा करून ठेवायचं काम करतो म्हणाला. आमचा मालक कधीच वारला होता, पण श्रीरामपूरला त्याच्या सुनेला माळा झाडताना डबे सापडले होते. तिनंच याला आमचा पत्ता दिला.

"आजी, मुक्या सिनेमातल्या किती बायका आता हयात आहेत? एका हाताच्या बोटांवर. तुम्ही येऊन नुसतं सांगायचं, कोण कोण आहे ते."

"मी त्यात न्हाई वो," ती म्हणाली. "कापलंय मला."

"थोड्या तरी असालच की."

आमची सून तिला म्हणाली, "जावा की आत्याबाई. आमास्नी बी कळंल."

मी म्हणालो, "यश्टीचे हाल कशाला." पण ती आत जाऊन काठाचं लुगडं नेसून आली. शेजारणीचा चष्माही मागून आणला. साठीची बाई, आणि आरशासमोर दोनदा उभी राहिली.

श्रीरामपूरला मालकाच्या ओसरीवर त्या माणसानं एक टेबल मांडलं होतं. दोन बाजूला दोन चकत्या, मध्ये दिवा आणि काच. हातानं फिल्म फिरवायची, काचेत चित्र दिसायचं. ती खुर्चीवर पुढं वाकून बसली. सरदार आला, घोडा आला, पहारेकरी आला. ती नाही. पहिल्या डब्यात तिचं काय राहिलं होतं? दारातनं बाहेर जाणारी एक टाच. ताट पुढं करणारा एक हात.

"हा हात माजा," ती म्हणाली. काचेवर बोट ठेवलं. तोपर्यंत तो हात गेलाही होता.

त्या माणसानं फिल्म थांबवून उजेडात धरली. "आजी, हे तुटलेलं नाही. हे बघा जोड. किती सफाईनं कापलंय. कुणीतरी मुद्दाम, सावकाश बसून कापलंय. आणि फक्त तुमचाच भाग."

"कंपनीनं सांगितलं व्हतं."

"कंपनी असं कशाला सांगेल? सिनेमाच तुमच्यावर आहे." मग तो माझ्याकडं वळला. "आजोबा, तुम्हीच ऑपरेटर होता ना? तुम्हाला काही आठवतंय?"

ओसरीवर मालकाची सून होती, तो होता, ही होती. तिनंही मान वळवली. चष्मा परका, त्यामुळं डोळे मोठे दिसत होते.

मी म्हणालो, "माज्याकडं आली तवा आशीच व्हती."

ती फिल्म तिनं स्वतः पडद्यामागं बसून सबंध बघितली होती. माझं बोलणं खोटं आहे हे तिला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण ती म्हणाली, "ह्यांना आता आठवत न्हाई. कागद आला व्हता." माझी चूक तिनं सावरून घेतली, परक्या माणसापुढं नवऱ्याचं हसं नको म्हणून. आणि वर त्या माणसाला म्हणाली, "बरंच केलं त्यांनी. मला येतच न्हवतं, साहेब."

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. नेवासं आलं. मग म्हणाली, "एक खरं सांगा. तुमी रोज बगायचा. मी बरी करायचे का?"

काय अवघड होतं त्यात? व्हय म्हणायचं होतं. पण व्हय म्हटलं तर ती पुढं विचारणार, मग कापलं का. एका शब्दामागं सगळं ओढून बाहेर येणार.

मी म्हणालो, "आता कशाला ते."

ती परत खिडकीबाहेर बघायला लागली. पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, सांगू कधीतरी निवांत. मग पाऊस गेला, दुष्काळ पडला, विहीर आटली, खडी फोडायची कामं निघाली. पोरगा नागापूरच्या कारखान्यात लागला आणि तिथंच राहिला, सून आमच्याकडं. निवांत कुठलं यायला? गेल्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली, सात दिवसांत आटोपलं. शेवटचे दोन दिवस शुद्धीवर होती. मी उशाशी बसून होतो. तेव्हाही सांगितलं नाही. मरताना माणसाला कशाला दुखवायचं, असं मनाला समजावलं. ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

तेरावं झाल्यावर मी पुण्याच्या माणसाला कार्ड टाकलं. 'ते जोड माझे आहेत.' तो आठ दिवसांत आला. मी त्याला एकूणएक तुकडा सांगितला, कुठनं कुठवर कापला, त्यात ती काय करत होती, अंगावर काय होतं, कुणाकडं बघत होती. चाळीस वर्षं झाली, पण रोज दांडा फिरवलेला, विसरत नाही. त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं. भाकरीचं सांगितलं तेव्हा त्यानं लिहायचं थांबवून विचारलं, "म्हणजे फार चांगल्या करायच्या?"

"लई चांगली करायची," मी म्हणालो. "तिच्यासारकं कुनी मी बगितलं न्हाई. आन् मी लई शिनेमे बगितल्यात."

सून चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. केव्हापासनं उभी होती कुणास ठाऊक. कप निवले होते.

"मामंजी," ती म्हणाली, "हे आत्याबाईस्नी सांगायचं हुतं."

"व्हय," मी म्हणालो.

ती चहा परत गरम करायला आत घेऊन गेली.